पेटी वेळेवर, तबला उशिरा

नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा धाकट्या दिरांनी आमच्या डोंबिवलीच्या घरात कॉम्प्युटर आणला. त्यात आवाजावर आवाज चढवता यायचा: आधी पेटी भरायची, मग ती हेडफोनवर ऐकत तबला. मला दोन्ही येतं. ठाण्याला नौपाड्यात कथकचा क्लास चालवणारी माझी शाळेतली मैत्रीण म्हणाली, "अगं, मग संमेलनाची कॅसेट तूच दे की. वाजवणाऱ्यांच्या मागे धावून मी दमले." मी हो म्हटलं. हातात बारा दिवस होते.

पहिल्या दुपारी पेटी झाली. दुसऱ्या दुपारी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, भिंतीला गाद्या टेकवल्या आणि तबला वाजवला. हात छान चालला होता. ऐकून बघितलं, तर पेटी समेवर पोचलेली आणि तबला अजून दारात चपला काढतोय.

पुन्हा वाजवला. पुन्हा तेच.

"वहिनी, राग मानू नका," दीर म्हणाले, "पण तुमचा हात मागे पडतोय. बायकांचं तबल्यात होतंच तसं. आमच्या ऑफिसात एक जण वाजवतो. बोलावू का?"

"चार दिवस थांबा, भावजी."

त्यातला एक दिवस मी जरा पुढे पुढे वाजवून पाहिलं. त्याने लय गेली, म्हणून पुन्हा पेटीबरोबरच वाजवत राहिले, तर बोटं सुजली. गुरुजींनी मला वर्षभर नुसत्या टाळीवर मात्रा मोजायला लावल्या होत्या, तेव्हा कुठे तबल्याला हात लावू दिला. तरी शंका आलीच. पाचव्या दिवशी मी त्या ऑफिसातल्या गृहस्थांचा फोन नंबर लिहून घेतला.

फोन करण्याआधी सगळ्या दिवसांचं वाजवणं एकदा ओळीने ऐकलं. माझ्याकडे तबला शिकायला येणाऱ्या मुलांच्या चुका मी रोज ऐकत होते. मूल अवघड जागी मागे पडतं, सोप्या जागी पळतं. इथे पुढे पुढे वाजवलेला तो एक दिवस सोडला, तर संथ लयीत, जलद लयीत, पहिल्या दिवशी, चौथ्या दिवशी तबला तेवढाच मागे होता. माणूस इतका नेमाने चुकत नाही.

मग मी चार टाळ्या वाजवून भरल्या. हेडफोन माइकच्या तोंडाला लावला, त्या टाळ्या चालू केल्या आणि दुसऱ्यांदा भरायला लावल्या. हात मांडीवर ठेवून गप्प बसले. पडद्यावर टाळ्यांचे उंचवटे दोन ओळींत उमटले. खालच्या ओळीतली प्रत्येक टाळी वरच्या टाळीपेक्षा सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने उशिरा. तबल्याचं मागे पडणंही तेवढंच होतं.

दीर ऑफिसातून आल्या आल्या त्यांना समोर बसवून त्या दोन ओळी दाखवल्या.

"यात तुम्ही वाजवलंय कुठे?"

"कुठेच नाही. तुमचा कॉम्प्युटर ऐकवायला आणि भरून घ्यायला वेळ लावतो. मी पेटीबरोबरच वाजवते, तो ते उशिरा मांडतो."

त्यांनी दोन ओळींमधलं अंतर पडद्यावर बोटाने मोजलं. "हे माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

"तुम्ही माझा हात बघत होतात."

उपाय दोन मिनिटांचा होता. पडद्यावरची तबल्याची ओळ माउसने धरली आणि तेवढंच अंतर डावीकडे सरकवली. सम पेटीवर बरोबर बसली. मी तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा तपासायला नव्हे, मजा म्हणून. फोन नंबराच्या कागदाची घडी करून डग्ग्याच्या डुगडुगणाऱ्या चुंबळीखाली सारली.

संमेलन ठाण्यात झालं. माझ्या तिहाईच्या तिसऱ्या फेरीला बारा मुलींचे पाय एकदम समेवर पडले आणि हॉलमध्ये टाळ्या उठल्या. मागच्या रांगेतल्या एका काकांनी वाकून दिरांना विचारलं, "तबल्याला कोण हो?"

"आमच्या वहिनी."

"आणि पेटीला?"

"त्याही आमच्या वहिनीच."

"काहीतरीच काय सांगता! हे समोरासमोर बसून वाजवलंय."

दीर माझ्याकडे बघून हसले. मी त्यांना हाताने गप्प केलं. पुढची सम जवळ आली होती.