कुणी न सांगता होणारी टकटक

माझा हात चांगला आहे, हे आधीच सांगून टाकते. नम्रपणा मला एरवीही जमत नाही आणि या बाबतीत तर मुळीच नाही. म्हैसूरमधलं आमचं घर शिंप्याचं. आईने मला रेशमी पोलक्यांची काजं करायला बसवलं, तेव्हा माझे पाय स्टुलावरून जमिनीला टेकतही नव्हते.

सत्तरच्या दशकात एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलं आणि तोच हात कामाला आला. रेशमाच्या पतंगाच्या पोटातून चेतातंतूंची एक बारीक दोरी जाते, मध्ये मध्ये गाठी असलेली. ती न तोडता बाहेर काढायची. वर्गातल्या पोरांच्या हातात तिचे तुकडे व्हायचे, माझी अख्खी निघायची. मग ती मिठाच्या पाण्याच्या बशीत ठेवायची, तिला चांदीची तार टेकवायची, तार अँप्लिफायरला आणि अँप्लिफायर जुन्या रेडिओच्या कर्ण्याला जोडायचा. डोकं नाही, पंख नाहीत, पतंग असा उरलेलाच नाही, आणि तरी कर्ण्यातून आवाज यायचा. टक. टक-टक. टक. कुणी डिवचलेलं नसताना गाठींतल्या पेशी आपल्या आपण बोलत होत्या. इतर किड्यांबद्दल हे पुस्तकांत होतंच. पण टी. नरसीपूरहून मी बसने आणलेल्या कोशांतला पतंग माझ्या बशीत बोलत होता, आणि मला आनंदाने वेड लागायचं बाकी होतं.

घरी आईला सांगितलं.

“अय्यो, सुम्मने वाजतंय?” उगाच, काही कारण नसताना, यासाठी आमच्या घरात हा कन्नड शब्दच चालायचा. “कोण सांगतंय गं त्याला?”

“कुणीच नाही, आई.”

“शहाणं आहे मग. तुला एका काजासाठी दहादा सांगावं लागतं.”

आईने ऐकल्याबरोबर मान्य केलं, पण माझे मार्गदर्शक सर काही केल्या मानायला तयार नव्हते. “एनम्मा, काय गं हे, हा विजेचा गोंधळ आहे. आपलं अर्थिंग खराब आहे. प्रबंधात ‘उपकरणातला व्यत्यय’ असं लिही आणि मोकळी हो.” तसं लिहिलं असतं तर माझ्याकडे दाखवायला काय उरलं असतं? वडिलांशी माझं ठरलेलं होतं. संशोधनाची जागा मिळाली तर पुढे शिकायचं, नाहीतर दुकानात बसायचं आणि बंगळूरचं स्थळ बघायचं. मी काही ते लिहिलं नाही. सर भडकले. “मग परीक्षकांपुढे दाखव. फसलीस तर मी मध्ये पडणार नाही,” म्हणाले.

परीक्षक बाहेरगावचे होते, वयस्कर, जाड चष्म्याचे. मी दोरी लावली, टकटक सुरू झाली. त्यांनी भिंग घेऊन बशीत बघितलं. “बाजूला फुटलेले तंतू अजून आहेत. पाणी हललं की तेच जागे होत असतील,” ते म्हणाले आणि त्यांनी माझी कात्री उचलली.

“सर, तुम्ही हात लावू नका. मी कापते.”

आमचे सर खोकले. परीक्षकांनी मात्र निमूटपणे कात्री माझ्या हातात दिली. मी बाजूचे तंतू एकेक करून कापले, मधल्या दोरीला धक्का न लावता. शेवटचा कापला आणि कर्णा गप्प झाला.

सर खिडकीबाहेर बघायला लागले. मीही घाबरले, खोटं कशाला बोलू? दुकानातलं स्टूल डोळ्यांसमोर दिसायला लागलं. पण कापल्यावर दोरी थोडा वेळ गप्प होते आणि मग सावरते, हे मी आधी पाहिलेलं होतं.

“थांबा,” मी म्हटलं. सगळे थांबले. घड्याळाकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

टक.

मग पुन्हा, आणि थोड्या वेळाने पहिल्यासारखं भरभर. मी पाण्याजवळ बर्फ सरकवला, तशी टकटक मंदावली. बर्फ काढला, ती पूर्वीसारखी झाली. दोरीवरून तार उचलली, तर काहीच नाही.

“विजेचा गोंधळ असता सर, तर त्याला थंडी कशाला वाजली असती?” मी आमच्या सरांना विचारलं. जरा जास्तच मोठ्याने.

परीक्षक खळखळून हसले. मग कर्ण्याला कान लावून बराच वेळ बसले. उठताना आमच्या सरांना म्हणाले, “हा व्यत्यय नाही. संशोधनाची जागा असेल तर या मुलीला द्या.”

सरांचा चेहरा एकदम फुलला. त्यांनी दार उघडून बाहेरच्या सगळ्या पोरांना आत बोलावलं. “या, या, ऐका! आपल्या विभागाने काय करून दाखवलंय बघा!”

“विभागाने नाही, सर,” मी म्हणाले. “मी.”