कट्ट्याच्या कॅफेतली होडी

चार मित्र जमले की कॉलेजचे किस्से निघतात. आमच्याकडे निघतात ते एका काँप्युटरचे, आणि दर वेळी त्यात भर पडते.

हा काँप्युटर आमच्या कट्टा गावच्या बाजारातल्या दाजींच्या सायबर कॅफेत आहे. शाळेत असताना संतोष आणि मी त्यावर 'होडी' खेळायचो. ब्राउझरमधला साधा गेम, लाटांच्या आणि टुकटुक इंजिनाच्या आवाजात खडप, म्हणजे पाण्यातले खडक, चुकवत होडी बंदराला लावायची. पुढे मी शिकायला बंगलोरला गेलो, संतोष जहाजावर. जाताना तो दाजींना म्हणाला होता, "होडी बुडवू नको हां."

२००८ साली मी परत आलो, तर गेमची साइट बंद. ज्या प्लग-इनवर तो चालायचा, तेही कंपनीने सोडून दिलेलं.

"दाजी, हा आपला वारसा आहे. वाचवायलाच हवा," मी म्हणालो.

"वारसो मागीर. आधी तेची धूळ पूस."

*

गेमच्या फायली जुन्या फोल्डरमध्ये सापडल्या. पण गेम सुरू होताना आपली साइट शोधायचा, मिळाली नाही की अडून बसायचा. शेवटी मी त्याच काँप्युटरला साइट बनवलं, म्हणजे गेमला बाहेर शोधायला नको.

"आता हा स्वतःलाच विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो."

"माझ्या बापाशीसारखो," दाजी म्हणाले. "तेका पण दुसऱ्याची गरज लागा नाय."

*

नियम एकच होता, या काँप्युटरला नेटची वायर लावायची नाही. नवा ब्राउझर आपोआप उतरला की होडी गेली.

दसऱ्याला दाजींनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या काँप्युटराक कोण अपडेट करूक इलो, तर तेका वाटेतच आडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

दुसऱ्याच दिवशी नवं सॉफ्टवेअर टाकायला कुडाळहून निघालेल्या माणसाची बाइक वाटेत पंक्चर झाली. दाजींनी अजून एक नारळ फोडला.

*

संतोषची आई, सुमनकाकी, बाजारात मासे विकते. टोपली रिकामी झाली की कॅफेत येऊन पडद्यासमोर बसते.

"काकी, एकदा चालवून तरी बघ," मी म्हटलं.

"माका नको. माझ्या हातान बुडाली तर झिलाक काय सांगू?"

*

एका दुपारी दाजींच्या मोबाइलवर संतोषचा फोन आला. दाजींनी तो स्पीकरवर टाकला. जहाज कुठल्याशा परक्या बंदराला लागलं होतं. आईशी बोलून झाल्यावर त्याने मला विचारलं, "होडी चालू आसा मा? जरा आवाज ऐकव रे. हंय इंजिनाशिवाय कायच ऐकाक येणा नाय."

खऱ्या समुद्रावरच्या माणसाला कट्ट्याच्या स्पीकरमधला समुद्र हवा होता. आणि आमच्याकडे नेमकं लोडशेडिंग. पडदा काळा.

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर काकीने माझ्या हातावर चापट मारली. मोबाइल टेबलावर ठेवला आणि रिकाम्या टोपलीवर तळवा घासायला लागली. सर्र... सर्र... लाटा आल्या. दाजींनी तोंडाने टुकटुक इंजिन सुरू केलं. मग मीही बंदरावरचा भोंगा वाजवला.



पलीकडून संतोष हळूच म्हणाला, "दाजी, डावीकडे घे. खडप आसा."

टुकटुक न थांबवता दाजींनी खुर्ची डावीकडे सरकवली.