जवळच्या जोड्या

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. मी नांदेडजवळ विष्णुपुरीला भाड्याच्या खोलीत राहून दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या महाकाय वस्त्यांच्या, समूहांवर प्रबंध लिहीत होते. असे दोन प्रचंड समूह एकमेकांवर आदळले, की त्यांच्यातला विरळ वायू ढवळून निघतो आणि त्यातून रेडिओलहरी येतात. त्या कुठल्या एका दीर्घिकेच्या नसतात. साऱ्या समूहावर पसरलेला अंधूक उजेडच म्हणा. रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींवरून मी बनवत असलेल्या चित्रात तो काही केल्या उमटत नव्हता.

दिवसचे दिवस मी पडद्याला डोळे लावून बसायचे. डबा आणून देणाऱ्या मावशी सोडल्या तर कुणाशी बोलणं नाही. संध्याकाळी किल्लारीहून वडिलांचा फोन यायचा. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, घरात एकटेच.

"जेवलीस का?"

"हो. तुम्ही?"

"हाव. मजेत हाय. ठेवू?"

एवढंच. त्यात शंका घेण्यासारखं माझ्यासारख्या संशोधक बाईंना काही दिसलं नाही.

शेवटी माझ्या मार्गदर्शक सरांनी माझं चित्र पाहिलं. "फारच स्वच्छ आलंय," ते म्हणाले. "काय काय काढून टाकलंस?"

आमची दुर्बीण म्हणजे लांब-जवळ उभ्या केलेल्या अँटेनाच्या तबकड्या. त्यांच्या जोड्या लावून आकाश बघायचं. जवळजवळच्या तबकड्यांत विजेच्या तारांचा, मोटारींचा गोंगाट फार येतो, म्हणून मी त्या जोड्या सरसकट वगळल्या होत्या.

"लांबच्या जोड्यांना नुसते ठळक ठिपके दिसतात," सर म्हणाले. "पसरलेलं, फिकट काही बघायचं तर जवळच्याच जोड्या लागतात. गोंगाट निवडत बस आता."

तो निवडून झाल्यावर मी संगणकाला गणित लावून दिलं आणि न कळवता किल्लारीला गेले. भूकंपानंतर वसवलेलं आमचं गाव ऐसपैस आहे. रस्ते रुंद, घराला घर लागून नाही. शेजाऱ्याशी बोलायचं तर उठून जावं लागतं. आई जायची. वडील कधी गेले नाहीत.

ऊन उतरलं तसे ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी आत भाकऱ्या करत होते. खिडकीतून दिसत होतं, फोन मांडीवर होता. मधूनच उचलून वेळ बघायचे, परत ठेवायचे. अंधारून आलं तरी ते तिथंच. मी दारात गेले.

"कुणाचा फोन यायचाय का, अप्पा?"

"न्हाई. तुला लावायचा असतो ना." मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते ओशाळले. "सवय झालीय. लवकर लावला तर तुझं काम मोडतंय, म्हणून रोज बसून राहतो."

मला दोन मिनिटांचा वाटणारा तो फोन त्यांची सगळी संध्याकाळ व्यापून होता. मला फार वाईट वाटलं. तव्यावरची भाकरी तशीच सोडून मी त्यांच्या शेजारी बसले.

काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

रोज मी हो म्हणायचे. बऱ्याचदा डबा उघडलेलाही नसायचा.

"नाही," मी म्हटलं. "एकटीला जेवण जात नाही, अप्पा."

त्यांनी मांडीवरचा फोन उचलून बाजूला ठेवला.

"मला बी न्हाई जात," ते म्हणाले.

आतून भाकरी करपल्याचा वास आला. दोघांपैकी कुणीच उठलं नाही.