समुद्रात राहिलेला राजा

विनायक गेला, हे सांगायला जनवाडा या खेड्यातून नागाप्पा स्वतः बीदरला आले होते. मी नुकताच कोर्टातून येऊन कोट काढत होतो. ते पायरीवरच बसले, पटका सोडून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "वकीलसाब, मास्तर गेले. ताप लई चढला. दवाखान्यापत्तूर नेताबी आलं न्हाई." मी कोट तसाच हातात धरून त्यांच्याजवळ बसलो. मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "त्यो राजा घरी पोचला का न्हाई, तुमास्नी ठावं हाय का?" खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचा संताप आला. माझा जिवाभावाचा माणूस गेला होता आणि यांना गोष्टीची पडली होती!

तो राजा ग्रीकांच्या एका प्राचीन महाकाव्यातला. युद्ध संपवून घराकडे निघालेला, पण वर्षानुवर्षं समुद्रात भटकत राहिलेला. विनायकाची आणि त्याची ओळख हैदराबादला झाली. आम्ही कॉलेजात असताना एका खोलीत राहायचो. जुन्या बाजारातून त्यानं ग्रीकांच्या दोन महाकाव्यांचं एकाच जाड पुस्तकातलं इंग्रजी भाषांतर उचलून आणलं आणि पार खुळावला. मला वाचून दाखवायचा. जहाजांची लांबलचक जंत्री आली की मी घोरायला लागायचो. "अरे, हजारो वर्षं झाली," तो मला हलवून म्हणायचा, "पण रुसणारा अजून तसाच रुसतो आणि बाप अजून तसाच रडतो. हे आपल्या लोकांना सांगायला पाहिजे." मी म्हणायचो, "सांग बाबा. जनवाड्यातली माणसं तुझ्या ग्रीकांसाठी डोळे लावून बसली आहेत."

त्यानं ते मनावर घेतलं, दुसरं काय! जनवाड्यात मास्तरकी धरली. दिवसभर शाळेत संस्थानच्या नियमानं उर्दूतून धडे द्यायचे आणि सुगीच्या दिवसांत, दिवेलागणीला, नागाप्पांच्या खळ्यावर आपल्या बोलीत गोष्ट सांगायची. नागाप्पांच्याच घरी तो राहायचा. आमच्याकडे गोष्ट सांगायची तर हुंकार देणारा लागतो. सांगणाऱ्यानं वाक्य टाकावं, एकानं "हूं" म्हणावं. हुंकार थांबला की गोष्टही थांबते. हा मान नागाप्पांचा. लोकांनी त्या वीरांच्या नावांना सरळ अप्पा, अण्णा जोडून टाकलं. अपमान झाला म्हणून तंबूत बसून राहिलेला तो महावीर तर सगळ्यांना घरचाच वाटला; असा एक पाहुणा प्रत्येकाच्या लग्नात बघितलेला असतो. पुढं काय झालं म्हणून कुणी घाई केली की विनायक फक्त हसायचा आणि म्हणायचा, "ऐका तर."

गेल्या वर्षीच्या सुगीत मी संस्थानी कोर्टाची शुक्रवारची सुट्टी धरून जनवाड्याला जायचो. पहिल्या महाकाव्यातली युद्धाची गोष्ट संपत आली तसा मी अस्वस्थ झालो. नागाप्पांचा एकुलता एक मुलगा दोन वर्षांमागे गाडी उलटून गेला होता. गाडी हाकत होता शेजारचा मल्लाप्पा. बैल बुजले, त्यात त्याचा काय दोष? पण नागाप्पांनी त्याच्याशी बोलणं तोडलं ते तोडलंच. मल्लाप्पा त्यांच्या खळ्याकडे फिरकत नसे. आणि गोष्टीत आता तो प्रसंग यायचा होता... शत्रूपक्षाचा म्हातारा राजा आपल्या मुलाला मारणाऱ्या त्याच महावीराच्या तंबूत जातो आणि मुलाचं प्रेत मागतो.

"एवढं गाळ," मी विनायकाला म्हणालो. "त्या माणसाचं काळीज फाटेल. शिवाय तू त्यांच्या घरात राहतोस."

"मला काय भीती वाटत नाही का?" तो म्हणाला. "पण हे गाळलं तर बाकी नुसती मारामारी उरते."

त्यानं सांगितलं. म्हातारा शत्रूच्या पायाशी बसला, ज्या हातांनी मुलाला मारलं ते हात त्यानं ओठांना लावले... आणि हुंकार थांबला. नागाप्पा मान खाली घालून बसले होते. विनायकही थांबला. आता हे उठून जाणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात कडब्याच्या गंजीमागून आवाज आला, "हूं."

मल्लाप्पाचा आवाज! तो रोज तिथं लपून गोष्ट ऐकत होता. नागाप्पांनी आवाज ओळखला. वळून बघितलं नाही. तसेच पाठमोरे म्हणाले, "तिथून कामून ऐकायलास? म्होरं येऊन बस की." मल्लाप्पा आला. रडत होता. नागाप्पांनी विनायकाला विचारलं, "मग, दोगं जेवले का?" विनायक म्हणाला, "जेवले. एकत्र बसून जेवले." त्या रात्री मल्लाप्पाचं ताट नागाप्पांच्या ओसरीवर मांडलं गेलं. मी त्याच पंगतीत होतो.

यंदाच्या सुगीत दुसरं, त्या भटक्या राजाचं महाकाव्य सुरू झालं होतं. राजा अर्ध्या वाटेवर होता आणि विनायक गेला. म्हणजे नागाप्पा पायरीवर बसून जे विचारत होते ते गोष्टीपुरतं नव्हतंच. मास्तरांचं काम अर्धवट सोडायचं का, हे ते विचारत होते. मला उशिरा कळलं.

दिवसपाणी झाल्यावर विनायकाचं पुस्तक मी घरी आणलं आणि वाचलं. जहाजांची जंत्रीसुद्धा वाचली. या वेळी झोप आली नाही. त्या बंदरातली, त्या गलबतांवरची माणसं एकेक करून दिसायला लागली. विनायका, हे तू जिवंत असताना का नाही रे दिसलं मला?

गेल्या शुक्रवारी खळ्यावर गेलो. तो बसायचा ते पोतं तिथंच होतं, कुणी हलवलं नव्हतं. मी त्यावर बसलो.

"वकीलसाब, आता तरी सांगा," मल्लाप्पा म्हणाला. "पोचतो का न्हाई त्यो घरी?"

मला आता शेवट ठाऊक होता. तोंडातून मात्र निघालं, "ऐका तर."

नागाप्पांनी चमकून माझ्याकडे बघितलं. मग पाय नीट दुमडून बसले.

"राजा समुद्रात होता," मी म्हणालो.

"हूं," दोघंही एकदम म्हणाले.