उपासाच्या दिवशीची गोळी

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाले, "बाबा, तुमचं हृदय मोठं झालंय."

शेजारी उभी असलेली माझी बायको गोदा लगेच बोलली, "आवो सायेब, घरात तर कधी दिसलं न्हाय!"

डॉक्टर हसले. मला राग आला.

दुष्काळाचं साल होतं. दूध सोसायटीत दोन हातांनी दोन कॅन उचलणारा मी माणूस. पण त्या उन्हाळ्यात पावलं सुजली, आडवं पडलं की दम कोंडायचा. कुणाला सांगितलं नाही. गोदानं सुजेवर बोट दाबलं, खड्डा तसाच राहिला. तिनंच मला बेंबळीहून यष्टीनं धाराशिवच्या दवाखान्यात आणलं.

डॉक्टर म्हणाले, "ब्लड प्रेशर, म्हणजे रक्ताचा दाब, लई वर्षं वाढलेला असणार. त्यानं हृदय थकलं. याला हार्ट फेल्युअर म्हणतात. हृदय बंद पडलेलं नाही, पण रक्त ढकलायला कमी पडतंय. म्हणून अंगात पाणी साठतं."

दहा दिवस ठेवून घेतलं. लघवीच्या गोळीनं सूज उतरली. घरी सोडताना बजावलं, मीठ कमी, गोळ्या रोज.

महिन्याभरात पुन्हा तीच खाट. डॉक्टरांनी पुडी उघडली. "इतक्या गोळ्या शिल्लक कशा?"

सांगावं लागलं. रविवार अणदूरच्या खंडोबाचा, मंगळवार तुळजापूरच्या आईचा. उपासाला तोंडात गोळी कशी घालायची? तरणेपणापासून एक वार मोडला नव्हता.

"असंच चाललं तर तिसऱ्यांदा इथवर पोचायचे नाहीत," डॉक्टर गोदाला म्हणाले.

मी म्हणालो, "मेलो तरी उपास मोडणार न्हाय."

गोदा खाटेवर टेकली. "नगा मोडू. तुमचे दोन्ही वार आजपासनं माझे. देवाला मी सांगते. तुमी गोळी गिळा."

मी हात पुढं केला. गोळी गिळली.

ज्यांना हा आजार आहे त्यांना सांगतो, बरं वाटलं म्हणून किंवा वार आहे म्हणून गोळी चुकवू नका. हट्ट मीही करून बघितला. माझी गोळी झाल्याबिगर गोदा उपासाचा चहासुद्धा घेत नाही. एका मंगळवारी मी गोळीला मुद्दाम दुपार केली. ती सुकल्या ओठांनी उंबऱ्यावर बसून राहिली.

त्यानंतर मी कधी उशीर केला नाही.