तांदळातला खडा

तळेगावजवळच्या आमच्या वसतिगृहात तांदूळ निवडण्याची पाळी रोज दोघांवर असे. एकदा मी माझ्या वाटणीचे तांदूळ न निवडताच सोबत्याच्या निवडलेल्या तांदळांत मिसळले. जेवताना गुरुजींनी एकाएकी गाल धरला.

"तांदूळ कुणी निवडले रे?"

मी सोबत्याकडे बोट दाखवले. तो बिचारा उभा राहिला.

गुरुजींनी तळहात उघडला. त्यावर खडा होता आणि महिनाभर ठणकणारी त्यांची हलती दाढ.

"सुटलो बाबा! माझा लाडू याला वाढा."

"गुरुजी, खडा माझा होता!" मी ओरडलो.

सारी पंगत हसली. आज पन्नाशी उलटल्यावर मला त्या खोट्यापेक्षा या खऱ्याचीच अधिक लाज वाटते. सोबत्याने मात्र अर्धा लाडू माझ्या ताटात ठेवला.

"खा. ह्यात खडा न्हाई."