पिशोरची भाकर आणि क्वालिटी कंट्रोल

लेले साहेबांनी भाकरीला व्हर्नियर लावला तेव्हा मी कॅन्टीनच्या दारातच उभी होते. व्हर्नियर म्हणजे लोखंडी पार्टची जाडी मोजायचं बारीक माप. ते भाकरीच्या कडेला टेकवून साहेबांनी एक डोळा मिटला, आकडा वाचला आणि जाहीर केलं, "ओव्हरसाइज. रिजेक्ट."

ज्याची भाकरी रिजेक्ट झाली तो कचरूभाऊ पाटावर बसल्यासारखा बाकावर मांडी घालून बसला होता. त्यानं विचारलं, "मंग साहेब, जेवू का नको?"

माझं डोकं फिरलं. पण या सगळ्याला सुरुवात माझ्याच एका वाक्यानं झाली होती, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात मी आहारतज्ज्ञ होते. तो काळ असा, की शहराबाहेर रोज एक नवी शेड उभी राहत होती आणि शहरात विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघत होते. कामगारांची तब्येत बघायला आठवड्यातून काही दिवस डॉक्टर काझी येत आणि त्यांनी सांगितलेलं पथ्य लोकांच्या गळी उतरवायचं काम माझं. निम्मे लोक मला कॅन्टीनची मोठी स्वयंपाकीण समजत. मी सुधारायच्या भानगडीत पडत नसे.

कचरूभाऊ क्रेन ऑपरेटर होता. शेडच्या छताखाली रुळावरून फिरणारी क्रेन, तिच्या केबिनमध्ये हा बसायचा आणि टनावारी वजनाचे डाय, म्हणजे पत्र्याला आकार द्यायचे लोखंडी साचे, उचलून प्रेसवर ठेवायचा. गाव पिशोर. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या. "टेकडीवर बसून मेंढरं राखायची आन्‌ इथं बसून माणसं राखायची. काम येकच," असं तो म्हणे. त्या केबिनवर त्याचा फार जीव. एक दिवस वरच त्याला चक्कर आली, डाय हवेत झुलला आणि खालची माणसं पळाली. तपासलं तर डायबेटिस.

प्रॉडक्शन आणि क्वालिटी, दोन्ही लेले साहेबांच्या ताब्यात. ते म्हणाले, "महिनाभरात शुगर कंट्रोलमध्ये आली तर क्रेन. नाहीतर खाली उतरवून झाडूवर."

डॉक्टरांनी गोळी दिली. मी कचरूभाऊला समजावलं. ज्वारी, गहू, तांदूळ, गूळ, साखर या सगळ्यांत कर्बोदकं असतात. पोटात गेल्यावर त्यांचीच साखर होते. फार खाल्लं तर रक्तातली साखर चढते. पण गोळी घेऊन खाल्लंच नाही तर ती धाडकन उतरते, आणि ते जास्त वाईट. म्हणून साडेअकराला गोळी, बाराला जेवण, आणि जेवणात दोन भाकरी.

"दोनच?" त्यानं विचारलं.

"दोनच."

त्या वेळी घरोघरी साखर मोजायची यंत्रं नव्हती. डॉक्टर निळं औषध घालून लघवी काचेच्या नळीत उकळायचे. रंग निळाच राहिला तर उत्तम, हिरवा झाला तर ठीक, पिवळा झाला तर काळजी आणि विटकरी झाला तर कठीण. दोन आठवडे कचरूभाऊनं इमानदारीनं दोनच भाकरी खाल्ल्या आणि नळीत वीट ती वीटच.

"मॅडम, ये क्या है?" डॉक्टर काझींनी नळी उजेडात धरली. "पेशंट दोन भाकर खातो बोलता है, और इधर तो पूरी वीटभट्टी लगी हुई है!"

मग मी त्याचा डबा पाहिला. कचरूभाऊ मुकुंदवाडीत गाववाल्यांबरोबर खोली करून राहायचा. बायको गयाबाई पिशोरला. ती पहाटे भाकरी थापून डबा सकाळच्या एसटीत कंडक्टरकडे द्यायची, आणि तो स्टँडवरून कोणाच्या तरी सायकलला लटकून कारखान्यात यायचा. भाकरी दोनच होत्या. पण एकेक भाकरी अशी, की चार पदरी घडी घालूनच डब्यात बसायची. आमच्या कॅन्टीनच्या पाच भाकऱ्यांचं पीठ तिच्या दोनांत आरामात मावलं असतं.

मी हे लेले साहेबांना सांगायला नको होतं.

"तुमच्या स्पेसिफिकेशनमध्ये डायमीटरच नाही!" साहेब एकदम खूष झाले. टूलरूममधून त्यांनी स्टीलची एक गोल रिंग करून घेतली. कारखान्यात याला गो-नोगो गेज म्हणतात. पार्ट त्यातून गेला तर पास, अडला तर नापास. अशीच दुसरी रिंग एसटीच्या कंडक्टरबरोबर पिशोरला रवाना झाली. कंडक्टरनं विचारलं, "हे कशाचं हाय?" कचरूभाऊनं सांगितलं, "जेवणाचं."

दुसऱ्या दिवशी भाकरी रिंगमधून गेली, पण जाडी अशी की उशाला घ्यावी. म्हणून तो व्हर्नियर. जाडीचा निरोप गेला. त्यानंतर मात्र आठवडाभर भाकरी अगदी मापात येऊ लागली. गोलाई इतकी सुबक, की साहेब चार लोकांना बोलावून दाखवायचे.

नळीत पुन्हा वीट.

मी डबा पुन्हा उघडला. खालच्या पुडात मलिदा होता. भाकरी कुस्करून, गूळ-तूप घालून केलेला, मूठ-दोन मुठी.

"हे काय?"

"ते व्हय?" कचरूभाऊ निर्मळपणे म्हणाला. "कडंचं हाय. कारभारीण भाकर करती नेहमीसारखीच. मंग वरून साहेबाची रिंग दाबती. मधला भाग भाकरीत आन्‌ कडा मलिद्यात. अन्न वाया कसं घालवावं?"

"आणि तुम्ही ते खाता?"

"भाकरी दोनच खातो बाई. तुमच्या शब्दाभायेर नाय."

मी कपाळाला हात लावला. लेले साहेबांनी मलिदा जप्त केला आणि नवा नियम काढला. कचरूभाऊनं रिंगमधून पास झालेल्या भाकरीशिवाय तोंडात काहीही घालायचं नाही. रिंग त्याच्या केबिनमध्येच एका खिळ्याला टांगली. नळी पिवळ्यावरून हिरव्याकडे सरकू लागली. साहेब मला म्हणाले, "पाहिलंत? कुठलाही प्रॉब्लेम मोजला की सुटतो." मला पण थोडं खरं वाटलं, याचा आजही राग येतो.

मग नामांतरासाठी शहर बंदची हाक आली. ऑर्डर अडली होती म्हणून कारखान्याची बस पहाटेच लोकांना घेऊन आली. कॅन्टीनची माणसं आली नाहीत, डॉक्टर आले नाहीत, आणि एसटी बंद म्हणून पिशोरचा डबाही आला नाही.

साडेअकराला कचरूभाऊनं गोळी घेतली. बाराला सगळे आपापले डबे उघडून बसले. शेजारच्यांनी त्याला भाकरी पुढे केली. त्यानं खिळ्यावरची रिंग आणली, भाकरीला लावून पाहिली. भाकरी अडली. दुसऱ्यानं पोळी दिली, ती पण अडली. त्यानं नमस्कार केला, पाणी प्यायला आणि परत वर चढला. हे मला नंतर कळलं. कळलं तेव्हा हसावं की रडावं तेच समजेना.

दुपारी शेडमधून ओरडा ऐकू आला. मी धावले. क्रेन मध्येच थांबली होती, खाली डाय लटकत होता आणि केबिनमध्ये कचरूभाऊ घामानं निथळत, थरथरत बसला होता. हाताखालचं बटण त्याला सापडत नव्हतं. साखर उतरली होती. आणखी उतरली असती तर बेशुद्धी, आणि त्यात हात चुकीच्या बटणावर पडला असता तर खाली प्रेसवरचं कोणी वाचलं नसतं.

"साखर द्या त्याला! लवकर!" मी ओरडले.

"साखर?" लेले साहेब माझ्यापुढे आडवे आले. "शुगरच्या पेशंटला? मॅडम, वेड लागलंय का तुम्हाला?"

"साहेब, बाजूला व्हा!"

कॅन्टीनच्या कोठाराला कुलूप. साळवे नावाचा फिटर शिफ्ट सुटल्यावर मोर्चाला जायचा होता, त्याच्याकडे थर्मासमध्ये गोड चहा होता. तो थर्मास काखेत मारून शिडी चढला. एरवी पाण्याच्या माठापाशी कोण कुठल्या ग्लासनं पितो यावर नजर ठेवणारी माणसं त्या वेळी हात जोडून साळवेकडे बघत होती.

साळवेनं ग्लास पुढे केला. कचरूभाऊनं तोंड फिरवलं.

"नको. बाईंनी गोड बंद केलंया."

"अरे, बाईच म्हणायलीय खालून!"

"नाय. शब्द दिलाय म्या."

असा आज्ञाधारक पेशंट मला पुन्हा भेटला नाही, आणि भेटूही नये. मी खालून घसा फाटेस्तोवर ओरडले, "कचरूभाऊ, मी सांगते, प्या! सगळा प्या! अजून मागा!"

तो प्यायला. साळवे त्याचा हात धरून तिथंच बसला. थोड्या वेळानं कचरूभाऊनं डोळे पुसले, बटण शोधलं आणि डाय इतक्या हळू खाली टेकवला, की आवाजही आला नाही. मला शेडमध्ये सगळ्यांदेखत रडू आलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी झाडूची ऑर्डर टाइप करायला घेतली. तेवढ्यात, आदल्या दिवशी डबा पोचला नाही म्हणून, गयाबाई पहिल्या एसटीनं येऊन गेटवर हजर. उंच, करड्या आवाजाची बाई. मी तिला आत आणलं.

"आमच्यात घरातून निघालेल्या माणसाच्या भाकरी मोजीत नसतेत," तिनं मला सुनावलं. "वाटंत कोणी भुकेला भेटला तर? येक वरची टाकावीच लागती. तुमी मोजायला लावल्या, म्हणून म्या मोठ्या केल्या. त्यात काय चुकलं?"

आम्ही दोघी कोठारात परात घेऊन बसलो. तिला भाकरी मोजायला लावायची नाही, हे मी ठरवलं. पिठाचा एकच गोळा ठरवला. त्याच्या लहान भाकरी कितीही कर, पण गोळा तेवढाच. एक दहाच्या चहाला, बाकीच्या जेवणाला, आणि वरची एक चारला. आणि डबा हातात आल्याशिवाय गोळी घ्यायची नाही.

"मंग वरची राहतीच की," गयाबाईचा चेहरा सैलावला. "आधीच सांगायचं ना!"

डॉक्टर काझींनी साहेबांना स्पष्ट सांगितलं, की दोष शुगरचा नाही, उपाशी पोटी घेतलेल्या गोळीचा आहे. क्रेनवर असला तरी त्याला वेळेवर खायला मिळालं पाहिजे. साहेबांनी महिना पुरा होऊ द्यायचं कबूल केलं. महिनाअखेर नळी निळसर हिरवी निघाली. ऑर्डर फाटली. वर आणखी एक झालं. कचरूभाऊला दहाला खायची सुट्टी मिळाली, ती पाहून युनियननं सगळ्याच क्रेनवाल्यांसाठी मागितली आणि मिळवली. ज्यांना डायबेटिस नव्हता त्यांचंही पोट सुटू लागलं, आणि ते पेशंट पुढे माझ्याचकडे आले.

तेव्हापासून मी कोणाला किती भाकरी खा असं सांगत नाही. आधी विचारते, भाकरी करतं कोण, आणि डबा किती वाजता पोचतो.

त्या महिनाअखेरीला गयाबाई पुन्हा आली होती. नवरा काम कुठं करतो ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. शेडमध्ये उभी राहून ती कचरूभाऊला शिडी चढताना बघत राहिली. तो पार छताजवळ पोचला, केबिनमध्ये बसला आणि त्यानं तिला हात केला. तिनं पदर तोंडाशी धरला.

"येवढ्या वर?" ती मला म्हणाली. "बाई, येवढं चढायचं म्हणल्यावर गोळा जरा मोठा नगं का?"